सेंद्रिय सौरघटासाठी संयुग्मी पॉलिमरची रचना: जोडीदारापासून सुरुवात करणारी पायरीवार पद्धत

सेंद्रिय, म्हणजे कार्बनी पदार्थांच्या, सौरघटासाठी नवा संयुग्मी पॉलिमर (एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या वलयांची लांब साखळी) कागदावर काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. इलेक्ट्रॉन देणारे एक वलय घ्यावे, इलेक्ट्रॉन ओढणारे दुसरे घ्यावे, मध्ये थायोफिनचा दुवा टाकावा आणि बाजूंना अल्किल शृंखला लावाव्यात, की रचना तयार होते. अशा असंख्य रचना आजवर प्रयोगशाळांमध्ये बनल्या आणि त्यांतील फारच थोड्या पुढे टिकल्या. याचे एक मोठे कारण असे की पॉलिमरचा विचार बहुतेक वेळा एकट्याने होतो. सौरघटात मात्र तो एकटा कधीच नसतो. इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या दुसऱ्या पदार्थाबरोबर तो सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या थरात मिसळलेला असतो, आणि घटाची कार्यक्षमता त्या मिश्रणावर ठरते. म्हणून या लेखातील पद्धत उलट्या दिशेने जाते: आधी जोडीदार, मग ऊर्जापातळ्या, त्यानंतर कणा आणि पार्श्वशृंखला, आणि या सगळ्याच्या जोडीला पहिल्या दिवसापासून एक रोखठोक प्रश्न, की हा पॉलिमर दोनदा सारखाच बनवता येईल का?

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी घटात काय घडते ते डोळ्यांसमोर असायला हवे, कारण रचनेचा प्रत्येक निर्णय तिथूनच निघतो. सिलिकॉनमध्ये प्रकाश शोषला गेला की जवळजवळ लगेच मोकळा इलेक्ट्रॉन आणि मोकळे धनछिद्र (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धनभारित जागा) मिळते. सेंद्रिय पदार्थाचा परावैद्युत स्थिरांक मात्र ३ ते ४ इतकाच असतो, त्यामुळे दोन विरुद्ध प्रभारांमधले आकर्षण फारसे झाकले जात नाही. एक नॅनोमीटर अंतरावरील दोन प्रभारांमधली आकर्षण-ऊर्जा या स्थिरांकाने काढली तर ती सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, तर खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा जेमतेम ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. म्हणून प्रकाशाने जन्मते ती एक्सायटॉन नावाची बांधलेली जोडी. ही जोडी साधारण १० नॅनोमीटरच्या आसपास भटकू शकते, आणि तेवढ्यात तिला दाता (इलेक्ट्रॉन देणारा, इथे पॉलिमर) व स्वीकारक (इलेक्ट्रॉन घेणारा) यांची सीमारेषा भेटली नाही तर ती विझून जाते. १९८६ मध्ये सी. डब्ल्यू. टँग यांनी दोन सेंद्रिय थर एकमेकांवर ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळवली, पण सपाट सीमेपासून दूर शोषलेला प्रकाश त्यात वाया जात असे. १९९५ मध्ये पॉलिमर आणि फुलरीन (कार्बन अणूंचा पोकळ चेंडूसारखा रेणू) यांचे एकजीव मिश्रण वापरण्याची कल्पना रुजली, आणि सीमारेषा थराच्या आत सर्वत्र पसरली. आजही आपण याच मिश्रणासाठी पॉलिमर घडवत असतो.

पहिली पायरी: स्वीकारक आधी निवडा

या पायरीला अनेकजण दुय्यम मानतात, पण या क्षेत्राचा गेल्या दोन दशकांचा इतिहास नेमका हिच्याभोवती फिरतो. सुरुवातीच्या काळात जोडीदार ठरलेला होता, तो म्हणजे फुलरीनपासून बनलेला पीसीबीएम. फुलरीन दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे शोषणाचा बहुतेक भार पॉलिमरवर पडे. त्या काळचा प्रमाण पॉलिमर पी३एचटी ६५० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा होता. तरंगलांबीने १२४० ला भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते, म्हणजे त्याचे ऊर्जाअंतर (प्रकाश शोषण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) साधारण १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. साहजिकच सगळी शर्यत ऊर्जाअंतर कमी करण्याची झाली. पीटीबी७ हे त्या शर्यतीचे नामवंत फळ होते, आणि २०१० मध्ये त्याने ७.४ टक्के कार्यक्षमता दिली.

नंतर फुलरीनेतर स्वीकारक आले. २०१५ मध्ये आयटीआयसी आणि २०१९ मध्ये वाय६ हे रेणू प्रसिद्ध झाले. वाय६ स्वतःच ९३० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जवळच्या अवरक्त भागापर्यंत, जोरकस शोषण करतो. पॉलिमरकडून असलेली अपेक्षा त्यामुळे एकदम उलटली. आता त्याने अवरक्त भागाकडे धावायचे नव्हते, तर ४५० ते ६८० नॅनोमीटरचा मधला पट्टा भरून काढायचा होता. सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जाअंतर असलेला पीएम६ तिथे चपखल बसला आणि वाय६ बरोबर त्याने १५.७ टक्के कार्यक्षमता दिली. फुलरीनच्या काळात याच पॉलिमरकडे ‘ऊर्जाअंतर जास्तच आहे’ म्हणून कुणी दुर्लक्ष केले असते तर ते चुकीचेही ठरले नसते. पॉलिमर चांगला की वाईट, हा प्रश्न जोडीदाराचे नाव घेतल्याशिवाय विचारताच येत नाही.

म्हणून व्यवहारात असे करावे. निवडलेल्या स्वीकारकाच्या पातळ थराचा शोषण-आलेख समोर ठेवावा, द्रावणाचा नव्हे, कारण घन अवस्थेत शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते. त्या आलेखातील दरी कुठे आहे ते पाहावे आणि पॉलिमरचे शोषण-शिखर त्या दरीत यावे असे लक्ष्य लिहून ठेवावे. १०० नॅनोमीटर जाडीचा आणि प्रति सेंटिमीटर एक लाख इतका शोषण-गुणांक असलेला थर एका फेरीत सुमारे ६३ टक्के प्रकाश शोषतो, आणि मागील धातूवरून परतलेला प्रकाश धरला तर ८६ टक्क्यांच्या आसपास. शोषण-गुणांक याच्या निम्मा असेल तर नुकसान किती मोठे होते ते यावरून कळेल. त्यामुळे शिखर कुठे आहे याबरोबर ते किती उंच आहे हेही लक्ष्यात लिहावे.

दुसरी पायरी: ऊर्जापातळ्यांची चौकट आखा

पॉलिमरची भरलेली सर्वोच्च पातळी, म्हणजे होमो, आणि स्वीकारकाची रिकामी सर्वांत खालची पातळी, म्हणजे लुमो, यांच्यातील अंतरावर घटाचा खुल्या परिपथातील व्होल्टेज अवलंबून असतो. फुलरीनच्या घटांसाठी २००६ मध्ये मांडलेले साधे सूत्र आजही पहिल्या अंदाजाला उपयोगी पडते: या दोन पातळ्यांमधील फरकातून ०.३ वजा करावे, उरलेला आकडा साधारणपणे व्होल्टेज असतो. पी३एचटी आणि पीसीबीएम यांच्या जोडीला ०.६ व्होल्ट का मिळत असत, ते या वजाबाकीतून दिसते.

या सूत्रानुसार होमो जितकी खोल तितका व्होल्टेज जास्त, आणि म्हणून ती आणखी खाली ढकलण्याचा मोह होतो. मात्र पॉलिमरची होमो स्वीकारकाच्या होमोपेक्षा थोडी तरी वर असावी लागते, नाहीतर स्वीकारकात जन्मलेल्या एक्सायटॉनमधील धनछिद्राला पॉलिमरकडे येण्याचे कारणच उरत नाही. फुलरीनच्या दिवसांत पातळ्यांमध्ये ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टची पायरी आवश्यक मानली जात होती. वाय६ च्या पिढीने ०.१ किंवा त्याहून लहान पायरीवरही प्रभार विलग होतात हे दाखवले. माझा सल्ला असा की पहिल्या रचनेत शून्याच्या अगदी काठावर जाऊ नये. मोजमापातील त्रुटीच ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते, आणि काठावर आखलेला पॉलिमर प्रत्यक्षात काठाच्या पलीकडे पडलेला आढळतो.

मोजमापाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. चक्रीय व्होल्टमितीने, म्हणजे व्होल्टेज चढवत-उतरवत ऑक्सिडीकरण कुठे सुरू होते ते पाहून, पातळी काढताना फेरोसिन हे लोहाचे संयुग संदर्भ म्हणून वापरतात, पण काहीजण त्याची पातळी उणे ४.८ धरतात आणि काहीजण उणे ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. फेरोसिनच्या तुलनेत ०.७० व्होल्टला ऑक्सिडीकरण सुरू होणारा एकच पॉलिमर पहिल्या पद्धतीने उणे ५.५ आणि दुसऱ्या पद्धतीने उणे ५.८ दाखवतो. दात्याची पातळी एका शोधनिबंधातून आणि स्वीकारकाची दुसऱ्यातून उचलून केलेली तुलना त्यामुळे पूर्णपणे फसवी ठरू शकते. दोन्ही पदार्थ एकाच दिवशी, एकाच उपकरणावर आणि पातळ थराच्या रूपात मोजावेत.

तिसरी पायरी: कणा निवडा

संयुग्मी पॉलिमरचा कणा म्हणजे एकाआड एक दुहेरी बंध असलेली अरोमॅटिक वलयांची माळ. तिचे ऊर्जाअंतर ठरवण्याच्या तीन मुख्य कळा आहेत. पहिली म्हणजे दाता व स्वीकारक एकके आलटून पालटून ठेवणे, ज्यामुळे त्यांच्या पातळ्या एकमेकींत मिसळून अंतर कमी होते. दुसरी म्हणजे क्विनॉइड रूपाला स्थैर्य देणे: थिएनोथायोफिनसारख्या जोडवलयात एका वलयाची अरोमॅटिकता टिकवण्यासाठी दुसरे आपली सोडून देते, आणि कण्यातील एकेरी बंधांना दुहेरीपणा येतो. तिसरी कळ म्हणजे शेजारच्या वलयांमधला पीळ कमी करून कणा सपाट करणे.

वाय६ सारख्या जोडीदारासाठी मध्यम-रुंद ऊर्जाअंतर हवे असल्याने पहिली कळ हलक्या हाताने दाबावी लागते. बेंझोडायथायोफिन हे दाता एकक इतके लोकप्रिय होण्यामागे कारण आहे: ते सपाट आणि सममित आहे, त्याची इलेक्ट्रॉन देण्याची ताकद मध्यम आहे, आणि त्याच्या मधल्या वलयावर दोन बाजूंनी पार्श्वगट जोडता येतात. स्वीकारक एककांत डायकीटोपायरोलोपायरोल फार जोरकस आहे, ते शोषणाला ९०० नॅनोमीटरकडे खेचते, म्हणून इथे नको. पीएम६ मध्ये वापरलेले बेंझोडायथायोफिनडायोन किंवा फ्लोरिनयुक्त क्विनॉक्सालिन हे मध्यम ताकदीचे पर्याय आहेत. २०२० मध्ये १८ टक्क्यांची सीमा ओलांडणाऱ्या डी१८ मध्ये अधिक विस्तृत, एकमेकांत जोडलेल्या वलयांचे स्वीकारक एकक आहे. असा रुंद, ताठ कणा धनछिद्रांची वाहतूक सुधारतो, पण विद्राव्यता घटवतो.

सपाटपणा साधण्यासाठी वलये रासायनिक बंधाने कायमची जोडायलाच हवीत असे नाही. शेजारच्या वलयांवरील गंधक आणि ऑक्सिजन, किंवा गंधक आणि फ्लोरिन, यांच्यातील दुबळे आकर्षण कण्याला सपाट धरून ठेवते, आणि संश्लेषणाच्या दोन-तीन पायऱ्या वाचतात. मला हा मार्ग अधिक पसंत आहे, कारण जोडवलयांचा प्रत्येक नवा बंध उत्पादन घटवतो आणि शुद्धीकरण लांबवतो. असममित एकके वापरताना मात्र ती कण्यात कोणत्या दिशेने बसतील यावर ताबा राहत नाही. पीटीबी७ मधील थिएनोथायोफिन असेच असममित आहे. सुव्यवस्थित रचना हवी असेल तर सममित एककांपासूनच सुरुवात करावी.

बारीक जुळवणीचे काम हॅलोजन अणूंकडे सोपवता येते. फ्लोरिन जोडल्याने पॉलिमरच्या दोन्ही पातळ्या साधारण ०.१ ते ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली जातात आणि ऊर्जाअंतर जवळपास तसेच राहते. पीबीडीबी-टी या पॉलिमरच्या पार्श्व थायोफिनवर फ्लोरिन बसवल्यावर जो पदार्थ मिळाला, तोच पीएम६. क्लोरिन बसवले की पीएम७ मिळतो, आणि क्लोरिनयुक्त मोनोमर (ज्यांच्या जोडणीतून साखळी बनते तो सुटा रेणू) बनवणे बहुधा सोपे जाते. फ्लोरिनची मात्रा वाढवत नेली तर पॉलिमर घट्ट पुंजके करू लागतो आणि स्वीकारकाशी नीट मिसळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी: पार्श्वशृंखला

कण्याची निवड चर्चेत भाव खाऊन जाते, पण घटाचे नशीब बरेचदा पार्श्वशृंखलेत असते. अल्किल शृंखला प्रकाश शोषत नाही, प्रभार वाहत नाही, आणि तरीही तिच्याविना पॉलिमर कोणत्याच विद्रावकात विरघळणार नाही. शृंखला आखूड असेल तर पॉलिमर बनता बनताच अवक्षेपित होतो, त्यामुळे साखळी लांब वाढतच नाही. ती फार लांब किंवा दाट असेल तर निष्क्रिय पदार्थाचे प्रमाण वाढते, कण्याचे थर एकमेकांपासून दूर जातात आणि धनछिद्रांची वाट अडते. म्हणून फाटा असलेल्या शृंखला वापरतात: २-इथाइलहेक्झिल ही लहान, २-ब्युटाइलऑक्टिल मध्यम, २-हेक्झिलडेसिल मोठी आणि २-ऑक्टिलडोडेसिल त्याहून मोठी.

फाटा कण्याच्या किती जवळ आहे यावरही बरेच अवलंबून असते. तो जवळ असेल तर गर्दी होऊन वलये पिळवटतात. एक-दोन कार्बन दूर नेला तर कणे एकमेकांवर नीट रचले जातात. शृंखला कोणत्या एककावर बसवायची हाही स्वतंत्र निर्णय आहे, कारण दोन शेजारच्या थायोफिन वलयांवर समोरासमोर आलेल्या शृंखला कण्याला इतका पीळ देतात की आधीच्या पायरीतील सगळी मेहनत फुकट जाते.

याच पायरीचा सर्वांत बोलका धडा २०१४ मधील पीएफएफबीटी४टी-२ओडी या पॉलिमरने दिला. उष्ण द्रावणात त्याच्या साखळ्या सुट्या असतात आणि थंड होताना त्या झपाट्याने एकत्र येतात. थर पसरवतानाचे तापमान बदलून पुंजक्यांचा आकार ठरवता येतो, आणि या गुणामुळे फुलरीनबरोबरही १० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळाली. तापमानानुसार पुंजके होण्याच्या या गुणामागे २-ऑक्टिलडोडेसिल शृंखलेची जागा निर्णायक होती. म्हणून नव्या पॉलिमरचे शोषण क्लोरोबेंझिनमध्ये खोलीच्या तापमानापासून १०० अंश सेल्सियसपर्यंत टप्प्याटप्प्याने मोजणे ही अर्ध्या दिवसाची, पण अतिशय मोलाची चाचणी आहे. तापवल्यावर शोषण-आलेख आखूड तरंगलांबीकडे सरकत असेल तर पुंजके सुटत आहेत. १०० अंशांनाही तो हलला नाही तर पॉलिमर फार ताठ आहे, आणि पुढच्या आवृत्तीत शृंखला मोठी करावी लागेल.

पाचवी पायरी: गणनेने चाळणी लावा

संश्लेषणाआधी घनता-कार्यात्मक सिद्धांताने (रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा संगणकावर काढण्याच्या पद्धतीने) गणना करावी, पण तिच्याकडून माफक अपेक्षा ठेवावी. लांब शृंखलांच्या जागी मिथाइल गट ठेवून दोन, तीन आणि चार एककांचे तुकडे मोजावेत, आणि ऊर्जाअंतर एककांच्या संख्येच्या व्यस्ताप्रमाणे मांडून लांब साखळीचा अंदाज काढावा. निरपेक्ष आकड्यांवर विसंबू नये; पीएम६ सारख्या ओळखीच्या पॉलिमरची गणना त्याच पद्धतीने करून फक्त फरक वाचावा. वलयांमधील पिळाच्या कोनानुसार ऊर्जा कशी बदलते ते पाहिले की कणा सपाट राहील की डळमळेल हे बऱ्यापैकी कळते. मिश्रण कसे रचले जाईल हे मात्र ही गणना सांगत नाही.

सहावी पायरी: पॉलिमर प्रत्यक्ष बनवा

बहुतेक रचना इथे कोसळतात, आणि शोधनिबंधांत या पायरीला जेमतेम एक परिच्छेद मिळतो. दाता मोनोमरच्या दोन्ही टोकांना कथिलाचे गट आणि स्वीकारक मोनोमरच्या दोन्ही टोकांना ब्रोमिन, मध्ये पॅलेडियम उत्प्रेरक, विद्रावक टोल्युइन किंवा क्लोरोबेंझिन आणि तापमान ११० अंशांच्या आसपास, अशी स्टिले अभिक्रिया सर्वाधिक वापरली जाते. ही पदशः वाढणारी अभिक्रिया असल्याने साखळीची लांबी दोन मोनोमरच्या नेमक्या प्रमाणावर ठरते. प्रमाणातील तफावत २ टक्के असेल तर पूर्ण अभिक्रियेनंतरही सरासरी साखळी ९९ मोनोमरची, म्हणजे सुमारे ५० पुनरावर्ती एककांची होते. एका पुनरावर्ती एककाचा रेणुभार १,२०० धरला तर पॉलिमरचा रेणुभार ६०,००० च्या जवळ जातो. तफावत ५ टक्के झाली की साखळी ३९ मोनोमरवर येते आणि रेणुभार २४,००० च्याही खाली घसरतो.

आता प्रत्यक्ष तराजूकडे पाहू. ९०० रेणुभाराचा मोनोमर ०.२ मिलिमोल घेतला तर तो १८० मिलिग्रॅम भरतो, आणि त्याचा १ टक्का म्हणजे १.८ मिलिग्रॅम. मोनोमरमध्ये राहिलेला विद्रावकाचा लवलेश किंवा कागदाला चिकटलेली चिमूट एवढी सहज असते. म्हणून मोनोमर पुन्हा स्फटिकीकरण करून, निर्वात पोकळीत वाळवून आणि शुद्धता तपासूनच घ्यावेत. कथिलाचे मोनोमर सिलिका स्तंभावर विघटित होतात, त्यामुळे त्यांना स्फटिकरूप देणारी पार्श्वशृंखला निवडणे हा रचनेचाच भाग समजावा. तेलकट मोनोमर ज्याच्या वाट्याला आला, त्याचा रेणुभार दर वेळी वेगळा निघाला तर नवल नाही.

उत्प्रेरक शून्य ऑक्सिडीकरण अवस्थेतील पॅलेडियमचा घ्यावा. द्विसंयुजी पॅलेडियम घेतले तर त्याचे क्षपण होताना कथिलाच्या मोनोमरचा काही भाग स्वतःशीच जोडला जातो, आणि प्रमाण तर बिघडतेच, शिवाय कण्यात दाता एककाशेजारी दाता एकक असा दोषही शिरतो. द्रावणातून नायट्रोजन किंवा आरगॉन नीट बुडबुडवून प्राणवायू काढून टाकावा. अभिक्रियेच्या शेवटी साखळीची टोके एकेरी थायोफिनने बंद करावीत. कथिलाची मिथाइल संयुगे विषारी असतात. धूर-कपाट, हातमोजे आणि टाकाऊ द्रवाचे वेगळे भांडे यांत सवलत नाही.

थेट अरायलीकरण या पर्यायी मार्गात कथील लागतच नाही, मोनोमरवरील कार्बन-हायड्रोजन बंधच वापरला जातो, आणि पायऱ्याही वाचतात. मात्र एकाच वलयावर एकाहून अधिक क्रियाशील हायड्रोजन असतील तर साखळीला नको तिथे फांद्या फुटतात. म्हणून या मार्गासाठी ज्यांच्या इतर जागा बंद आहेत असेच मोनोमर निवडावेत.

तयार पॉलिमर मिथेनॉलमध्ये अवक्षेपित करून सॉक्सलेट उपकरणात क्रमाने मिथेनॉल, अ‍ॅसिटोन आणि हेक्झेनने धुवावा. आखूड साखळ्या आणि उत्प्रेरकाचे अवशेष यात निघून जातात. मग क्लोरोफॉर्ममध्ये उतरणारा भाग वापरावा. राहिलेले पॅलेडियम प्रभारांसाठी सापळ्याचे काम करते, त्यामुळे ते बांधून घेणारे डायइथाइलडायथायोकार्बामेटसारखे रसायन वापरणे शहाणपणाचे असते. रेणुभार जेल-परमिएशन क्रोमॅटोग्राफीने मोजताना ट्रायक्लोरोबेंझिन आणि १४० अंशांवरील तापमान घ्यावे, अन्यथा पुंजक्यांनाच साखळी समजून फुगलेला आकडा मिळतो. पॉलिस्टायरीनच्या प्रमाणावर मोजलेला आकडा ताठ कण्यासाठी तसाही जास्तच येतो, म्हणून त्याला केवळ तुलनेपुरते महत्त्व द्यावे.

सातवी पायरी: मिश्रण आणि थर

सुरुवात ओळखीच्या कृतीने करावी: पॉलिमर आणि स्वीकारक १ : १.२ वजनी प्रमाणात, क्लोरोफॉर्म विद्रावक, त्यात अर्धा टक्का १-क्लोरोनॅफ्थॅलीन, १०० नॅनोमीटरचा थर, आणि मग काही मिनिटे हलके अ‍ॅनीलिंग, म्हणजे थर तापवणे. शेजारी त्याच दिवशी पीएम६ आणि वाय६ यांचा घट बनवावा. हा नियंत्रण-घट नेहमीच्या पातळीला पोहोचला नाही तर त्या दिवशीचे नव्या पॉलिमरचे आकडे वहीत नोंदवावेत, पण त्यांवरून निष्कर्ष काढू नयेत.

थरामध्ये दाता आणि स्वीकारक यांचे प्रदेश १० ते २० नॅनोमीटरचे असावेत, म्हणजे एक्सायटॉनला सीमा सापडते आणि प्रभारांना सलग वाटही मिळते. क्ष-किरणांच्या तिरप्या विखुरणातून कणे एकमेकांवर ३.५ ते ३.८ अँगस्ट्रॉम अंतराने रचलेले दिसावेत, आणि ती रचना थराला लंब दिशेने असावी, कारण प्रभारांना त्याच दिशेने इलेक्ट्रोडकडे जायचे असते. कुठले मिश्रण सुटे होईल याचा ढोबळ अंदाज दोन्ही पदार्थांच्या थरांवर पाण्याच्या आणि दुसऱ्या एखाद्या द्रवाच्या थेंबाचा स्पर्शकोन मोजून येतो: पृष्ठऊर्जांमधील फरक मोठा असेल तर प्रदेशही मोठे होतात.

आठवी पायरी: आकडे वाचून रचनेकडे परत या

घटाची कार्यक्षमता तीन राशींच्या गुणाकाराने मिळते. पीएम६ आणि वाय६ यांच्या २०१९ मधील घटात व्होल्टेज ०.८३ व्होल्ट, विद्युतधारा प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २५ मिलिअँपिअर आणि फिल फॅक्टर (व्होल्टेज आणि विद्युतधारा यांच्या कमाल गुणाकारापैकी प्रत्यक्ष मिळणारा वाटा) जवळपास ७५ टक्के होता. नव्या पॉलिमरचे तीनही आकडे याच्याशेजारी ठेवावेत आणि केवळ अंतिम टक्केवारी पाहून निराश किंवा हुरळून जाऊ नये.

विद्युतधारा कमी असेल तर आधी बाह्य क्वांटम कार्यक्षमतेचा (प्रत्येक तरंगलांबीच्या किती फोटॉनांमागे इलेक्ट्रॉन बाहेर मिळतो याचा) आलेख पाहावा. पॉलिमरच्या पट्ट्यात खड्डा असेल तर शोषण कमी आहे किंवा पॉलिमरचे प्रदेश फार मोठे आहेत. स्वीकारकाच्या पट्ट्यात खड्डा असेल तर धनछिद्राचे हस्तांतरण अडले आहे, आणि होमोची पायरी पुन्हा तपासायला हवी. आलेख सगळीकडे सारखाच खाली असेल तर संशय मिश्रणावर घ्यावा. फिल फॅक्टर कमी असेल तर धनछिद्र आणि इलेक्ट्रॉन यांच्या गतिशीलता (ते विद्युतक्षेत्रात किती सहज सरकतात याचे माप) वेगवेगळ्या मोजाव्यात: दोन्ही प्रति व्होल्ट-सेकंद १०⁻⁴ ते १०⁻³ चौरस सेंटिमीटर या टप्प्यात आणि एकमेकींच्या जवळ हव्यात. धनछिद्राचीच कमी असेल तर रेणुभार, पार्श्वशृंखला आणि कण्याचा सपाटपणा या क्रमाने शोध घ्यावा. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे, कारण रेणुभार सुधारणे हे नवा रेणू आखण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी असेल तर घटाला बाहेरून विद्युत देऊन तो किती प्रकाश देतो ते मोजावे. ही प्रकाश-कार्यक्षमता दहापटीने वाढली की खोलीच्या तापमानाला सुमारे ०.०६ व्होल्ट परत मिळतात. ती १०⁻⁴ असेल तर अप्रकाशी मार्गाने जवळपास ०.२४ व्होल्ट गळत आहेत. अशा वेळी होमो आणखी खोल करणे हा चुकीचा उपचार आहे. गळतीचे मूळ बहुधा अव्यवस्थित सीमेत असते, आणि तिथे कण्याचा ताठपणा किंवा शृंखलेची जागा बदलून फरक पडतो.

पॉलिमरचे मुख्य रूप हाती आले आणि एखादीच राशी अडली असेल तर नवा कणा शोधण्याऐवजी ५ ते २० टक्के तिसरे एकक कण्यात यादृच्छिकपणे मिसळावे. स्फटिकीपणा थोडा कमी करायचा असेल किंवा विद्राव्यता वाढवायची असेल तर हा मार्ग चांगला चालतो.

शेवटच्या कसोट्या: टिकाऊपणा, सुलभता आणि दुसरी खेप

विजेता ठरलेला पॉलिमर किमान काही आठवडे प्रकाशात आणि ६५ किंवा ८५ अंशांवर ठेवून पाहावा. चाचण्या २०११ पासून प्रचलित असलेल्या आयसोस या टिकाऊपणा-चाचण्यांच्या नियमावलीनुसार केल्या तर इतरांच्या आकड्यांशी तुलना होऊ शकते. प्राणवायूच्या सान्निध्यात प्रकाश पडल्यावर सर्वांत आधी बहुधा पार्श्वशृंखला आणि बेंझोडायथायोफिनवरील पार्श्वगट झिजतात. औष्णिक चाचणीत मात्र अनेकदा पॉलिमर शाबूत असतो आणि लहान स्वीकारक रेणूच हळूहळू सरकत स्फटिक होत जातो, म्हणून बिघाडाचा दोष पॉलिमरवर टाकण्यापूर्वी दोन्ही घटक वेगवेगळे तपासावेत.

संश्लेषणाच्या पायऱ्याही मोजाव्यात. बाजारात मिळणाऱ्या रसायनापासून पॉलिमरपर्यंत दहा-बारा पायऱ्या असतील तर अर्धा टक्का जास्त कार्यक्षमतेला फारसा अर्थ उरत नाही. २०१८ मध्ये आलेला पीटीक्यू१० हा साध्या थायोफिन आणि क्विनॉक्सालिनचा पॉलिमर स्वस्त कच्च्या मालापासून दोनच पायऱ्यांत आणि ८० टक्क्यांहून अधिक उत्पादनाने बनतो. विक्रम मोडणाऱ्या रचनांच्या शेजारी तो किरकोळ दिसतो, पण चौरस मीटरमध्ये मोजायच्या थरासाठी निवड करायची झाली तर मी आधी त्याच्याकडे वळेन. त्या मोठ्या थरासाठी क्लोरोफॉर्म चालणार नाही, म्हणून झायलीन किंवा टोल्युइनमध्ये पॉलिमर विरघळतो का, आणि थर ३०० नॅनोमीटर जाड केल्यावर फिल फॅक्टर किती उरतो, हे याच टप्प्यावर पाहून घ्यावे.

यानंतर पॉलिमरची दुसरी खेप करावी, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीकडून, मोनोमर पुन्हा मुळापासून बनवून, आणि पहिल्याच्या पाचपट प्रमाणात. दोन्ही खेपांचे रेणुभार, तापमानानुसार बदलणारे शोषण-आलेख आणि घटाचे तीनही आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडावेत. रेणुभार वेगळा निघाला तर सहाव्या पायरीकडे, रेणुभार सारखा पण आलेख वेगळा निघाला तर कण्यातील जोडणी-दोषांकडे, आणि दोन्ही सारखे असून घट वेगळे निघाले तर थराच्या कृतीकडे परत जावे.